जावाचा सूर आणि पेटीचा कान

प्रश्न : मी भजनी मंडळात वीस वर्षं पेटी वाजवते. लेक कामानिमित्त जावाला गेली होती, तिने तिथल्या गामेलानचं, म्हणजे तिथल्या पारंपरिक वाद्यवृंदाचं, रेकॉर्डिंग पाठवलं. घंटांचा आणि काशाच्या पट्ट्यांचा नाद गोड आहे, पण सगळं बेसूर वाटतं. दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं. लेक म्हणते, सवय होईल. खरंच होते का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : होते, ताई. पण नुसतं कानावर पडत राहून नाही होत.

आधी बेसूर का वाटतं ते बघू. पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट धरतात (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप), म्हणजे सप्तक १२०० चं. जावात स्लेन्द्रो नावाची पाच सुरांची बांधणी आहे. तिच्यात सप्तकाचे जवळजवळ सारखे पाच भाग पडतात, एकेक टप्पा साधारण २४० चा. तुमचा शुद्ध रे २०० वर, कोमल ग ३०० वर. त्यांचा दुसरा सूर या दोघांच्या मधे. पुढचा म जरासा उतरलेला, प जरासा चढलेला, आणि शेवटचा ९६० च्या आसपास, म्हणजे पुन्हा शुद्ध ध आणि कोमल नी यांच्या मधे. आपला कान असा सूर ओळखीच्या खणात कोंबायला बघतो. रे आणि ध मानलं की दुर्गा राग वाटतो, कोमल ग आणि कोमल नी मानलं की धानी, रे आणि कोमल नी मानलं की मेघ. क्षणाक्षणाला राग पालटतो. तुमचं डोकं यानेच दुखलं असणार.

मीही पेटीवरच शिकलो. गुरुजींनी एकदा पेटी मिटवली, तंबोरा घेतला आणि दरबारी रागाचा गंधार लावला. मला तो चक्क चुकलेला वाटला, इतका खाली! ते म्हणाले, गंधार ऐकू नकोस, ‘ग म रे सा’ ऐक. तीन महिने रोज तेवढंच. मग एक दिवस पेटीवरचा कोमल गंधारच कानाला टोचला. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दारं बंद ठेवली, त्यामागे हीही एक तक्रार होती, की आपल्या श्रुती, म्हणजे सुरांच्या बारीक जागा, तिच्यात बसत नाहीत.

स्लेन्द्रोच्या वेळी मात्र मी चूक केली. तंबोरा छेडत ठेवून सूर ताडायला गेलो. खरजाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार सतत कानात येतो, मग जावाचा प्रत्येक सूर त्याच्यापुढे गुन्हेगार ठरणारच. आठवडा वाया गेला. तंबोरा ठेवून दिला आणि सकाळी तलावपाळीच्या फेरीत एकच छोटा तुकडा लावू लागलो, बरोबर गुणगुणत. गळ्याला तो सूर सापडला आणि मग कान शांत झाला.

तुम्हीही एकच रेकॉर्डिंग धरा, कारण तिथे वाद्यांच्या प्रत्येक संचाची लावणी थोडी वेगळी असते. सगळ्यात मोठी घंटा आवर्तन पुरं करते. आपण समेवर येतो तसं तिच्यावर या. बालीचं काही हाती लागलं, तर तिथे जोडीतली दोन वाद्यं मुद्दाम किंचित वेगळी लावतात, म्हणजे आवाजात लाट उठते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना मणी सरकवून आपण जी लाट घालवतो, तीच त्यांना हवी असते.

पंधरा दिवसांनी पेटी उघडा. शुद्ध रे दाबा, मग कोमल ग, मग भाता सोडून मधली जागा गळ्याने लावून बघा. लागली की मला जरूर कळवा.