कवट्यांचे फोटो राहू द्या, मॅडम

नववी-दहावीच्या पोरांशी हेरॉइनवर तासभर बोलायचंय, तर सुया टोचलेले हात, कवट्या असले फोटो दाखवू का, असं तुम्ही विचारलंय. नका दाखवू. नागपुरातल्या शाळांत मी बारा वर्षं हे तास घेतोय आणि पहिली तीन वर्षं कवट्याच दाखवल्या. वर्ग दोन मिनिटं चिडीचूप, मग मागच्या बाकावरून खुसखुस. पोरांपुढे हे प्रकरण सुई घेऊन येतही नाही हो. येते मातकट भुकटी, ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइनच. आणि देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो.

दारू, गांजा, हेरॉइन एकाच दावणीला बांधू नका. 'एका झुरक्यात खेळ खलास' म्हणालात, तर गांजा ओढून दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलेला चुलतभाऊ ज्यानं पाहिलाय, तो तुमचं पुढचं खरंही ऐकत नाही.

बायर कंपनीनं १८९८ मध्ये हेरॉइन खोकल्यावरचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं, इथून सुरू करा. वर्ग कान टवकारतो. मग शरीरात काय होतं ते सांगा. त्याचं मॉर्फिन बनतं, दुखणं दबतं, तसा श्वासही मंदावतो. सवय झाली की तेवढ्यानं भागत नाही. नाही मिळालं तर काही तासांत जांभया, वाहणारं नाक, हातपाय ठणकणं, जुलाब. याला नशा करणारे 'टर्की' म्हणतात. पुढे माणूस मजेसाठी घेतच नाही, टर्की टाळायला घेतो. हे पोरांना लगेच कळतं. थोडे दिवस सोडून पुन्हा जुनाच डोस घेतला, तर तोच जिवावर बेततो, हेही सांगा. ओठ निळे पडले, हलवूनही जाग येत नाही, तर कुशीवर वळवायचं, १०८ लावायचा, जवळून हलायचं नाही.

एकदा तास रंगात आला असताना एका पोट्ट्यानं विचारलं, "सर, खर्रा पण नशाच होय ना?" माझ्या शर्टाच्या खिशातून पानठेल्यावर घोटून घेतलेल्या खर्‍याची पन्नी डोकावत होती. सुपारी, चुना, तंबाखू, सगळं त्या पोट्ट्याला दिसत होतं. मी काय बोलणार? पन्नी टेबलावर काढून ठेवली आणि हो म्हणालो. त्या दिवशी वर्ग पहिल्यांदा मोकळा बोलला. (खर्रा सुटायला पुढे दीड वर्ष गेलं, ते सोडा.)

निम्मा वेळ 'नाही' म्हणायच्या सरावाला द्या. दोघादोघांना उभं करा, एकानं आग्रह करायचा, दुसऱ्यानं टाळायचं. "घरी वास ओळखतात बे", "उद्या मॅच आहे", त्यांची उत्तरं आपल्यापेक्षा चांगली निघतात.

१४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर फळ्यावर लिहून ठेवा आणि घंटेनंतर दहा मिनिटं तिथेच रेंगाळा. कुणीतरी येतं, "मित्राचं विचारायचं होतं" म्हणत. कोणता मित्र, हे विचारू नका.