कोल्हापूरहून अथेन्सला, पण पदवीनंतर

पत्र : माझी मुलगी बारावी कला शाखेत आहे. दहावीला संस्कृतात शंभरपैकी नव्याण्णव गुण होते. शाळेच्या सहलीत आमच्या टाऊन हॉल म्युझियममधली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची मूर्ती तिनं पाहिली, तेव्हापासून तिला ग्रीसचं वेड लागलं आहे. आता अथेन्स विद्यापीठाची इंग्रजी माध्यमातली बी.ए. तिनं शोधून काढली आहे आणि तिथेच जायचं म्हणते. तिच्या बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं, कायदा कर, नाहीतर स्पर्धा परीक्षा दे. तिच्या शिक्षणासाठी आम्ही सतरा लाख बाजूला ठेवले आहेत. उरलेल्यासाठी घर तारण ठेवावं का? पुढे तिचं पोट भरेल का? ती शाकाहारी आहे, एकटी कशी राहील? – एक आई, कोल्हापूर

उत्तर :

ताई, नमस्कार.

ज्या प्रश्नानं तुमची झोप उडाली असणार, त्याचं उत्तर आधी देते. घर तारण ठेवू नका. पण मुलीला ग्रीस विसरायलाही सांगू नका. तिनं अथेन्सला जावं असंच माझं मत आहे, फक्त इथली पदवी हातात घेऊन.

तिनं शोधलेला अभ्यासक्रम चांगला आहे, हे मुद्दाम सांगते. अथेन्सचं हे विद्यापीठ १८३७ सालचं. प्राचीन ग्रीसचं पुरातत्त्व, इतिहास आणि साहित्य असा तो चार वर्षांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम आहे, खास परदेशी विद्यार्थ्यांसाठी. वर्गात शिकलेलं संध्याकाळी प्रत्यक्ष जाऊन बघता येतं. ज्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, सॉक्रेटिस लोकांशी वाद घालत फिरायचा, तिथे १९३१पासून उत्खनन चालू आहे. मुलीची निवड उथळ नाही.

आता हिशेब. हा भाग तिच्या बाबांसोबत बसून वाचा, दुकान चालवणाऱ्या माणसाला तो माझ्यापेक्षा लवकर कळेल. फी वर्षाला ६,००० युरो. सोपं जावं म्हणून युरो शंभर रुपयांचा धरा, म्हणजे वर्षाचे सहा लाख, चार वर्षांचे चोवीस. खोली, जेवण, प्रवास, विमा मिळून महिन्याला ८०० युरोच्या खाली मी धरत नाही. त्याचे वर्षाला साडेनऊ लाखांच्या वर आणि चार वर्षांचे अडतीस होतात. विमानभाडं आणि व्हिसाचा खर्च न धरता बेरीज बासष्ट लाखांवर गेली. तुमच्याकडे सतरा आहेत. इतिहासाच्या पदवीवर पंचेचाळीस लाखांचं कर्ज काढलं, तर बावीस वर्षांच्या मुलीला जे आवडतं ते काम सोडून जे जास्त पैसे देईल ते धरावं लागेल. मग ग्रीक शिकून उपयोग काय?

दुसरं कारण मला याहूनही महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या सरकारी परदेश शिष्यवृत्त्या, राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती असो की केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी असतात, बी.ए.साठी नाही. त्यांना प्रवर्गाच्या, उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या अटी आहेत, त्या तुम्हाला लागू होतात का ते बघा. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला महिन्याला १,४०० युरो मिळतात, तीही मास्टर्सचीच योजना. त्यातला आर्कमॅट हा अभ्यासक्रम पुरातत्त्वीय वस्तूंच्या विज्ञानाचा आहे. पोर्तुगालमधलं एव्होरा, रोमचं सापिएन्झा आणि थेस्सालोनिकीचं अॅरिस्टॉटल विद्यापीठ तो मिळून चालवतात. विज्ञान शाखेतून याच विषयाकडे येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी तो जरूर बघावा. ऑक्सफर्ड आणि रेडिंगमध्ये शिकायला मदत करणारी फेलिक्स शिष्यवृत्ती भारतातल्या पदवीत प्रथम वर्ग मिळवणाऱ्यांसाठी आहे. परदेशात पदवी घेतली की ते दार बंद होतं. रेडिंगच्या क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन अभ्यासाच्या, विभागात ग्रीक पुरातत्त्वाचं स्वतःचं यूर म्युझियम आहे, म्हणून हे दार उघडं ठेवण्यासारखं आहे.

अथेन्समध्येही इंग्रजीतून मास्टर्स होतं. ग्रीक आणि पूर्व भूमध्य प्रदेशाच्या पुरातत्त्वाचं एम.ए. त्याच विद्यापीठात आहे, आणि थेस्सालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय हेलेनिक विद्यापीठात मॅसिडोनियाच्या प्राचीन इतिहासाचं. चारऐवजी एक-दोन वर्षांचा खर्च, आणि शिष्यवृत्तीची शक्यता. इथे तुमचे सतरा लाख खऱ्या अर्थानं कामाला येतात.

म्हणून इथे बी.ए. करताना ती चार वर्षांची ऑनर्स करावी. युरोपातली काही विद्यापीठं आपली तीन वर्षांची पदवी अपुरी मानतात, आणि ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. विषय इतिहास आणि संस्कृत. संस्कृत का, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या मुलीकडे असलेली सगळ्यांत मोठी पुंजी तीच आहे आणि बहुधा तिला त्याची कल्पना नाही.

आपल्याकडे संस्कृत ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतात आणि दहावीनंतर सोडून देतात. पण ज्याला संस्कृत येतं त्याला प्राचीन ग्रीकचं व्याकरण निम्मं ओळखीचं वाटतं. आपलं ‘ददामि’, त्यांचं ‘दिदोमि’. आपलं ‘अस्ति’, त्यांचं ‘एस्ति’. ‘भरामि’ला ‘फेरो’, आणि भूतकाळ करताना आपण जसा पुढे ‘अ’ लावून ‘अभरत्’ म्हणतो, तसं ते ‘ए’ लावून ‘एफेरे’ म्हणतात. द्विवचन तिथेही आहे. आत्मनेपदाला समांतर असा प्रयोग आहे. लुङ् लकार या भूतकाळाच्या प्रकाराला ते अओरिस्ट म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांना या कल्पनांचीच आधी सवय करून घ्यावी लागते. तुमच्या मुलीनं त्यातल्या बऱ्याच शाळेतच पाठ केल्या आहेत.

आधुनिक ग्रीक मात्र वेगळी भाषा म्हणून शिकावी लागेल. लिपी तीच, चोवीस अक्षरांची, पण उच्चार आणि व्याकरण बदललं आहे. आपल्या कानाला एक मोठी फसगत तिथे आहे. ‘ने’ म्हणजे ‘हो’, आणि ते ‘नाही’सारखं ऐकू येतं. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालक, दवाखाना, परवान्याचं कार्यालय ग्रीकमध्ये बोलतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडून सल्ला घेऊन गेलेला एक हुशार मुलगा पहिल्या सत्रानंतर परत आला. तो भाषा न शिकता गेला होता आणि एकटा पडला. त्याला मी भाषेबद्दल पुरेसं ठासून सांगितलं नव्हतं, याची मला अजून टोचणी आहे. म्हणून आता प्रत्येकाला सांगते, ग्रीक सरकारमान्य एलिनोमाथिया परीक्षेच्या ए-१ ते सी-२ अशा पायऱ्या आहेत, त्यातल्या निदान ए-२ची तयारी झाल्याशिवाय विमानात बसू नका. ग्रीक माध्यमातून शिकायचं असेल तर बी-२ लागतं.

ताई, उलट दिशेनं आलेल्या एका माणसाची गोष्ट तिला सांगा. दिमित्रिओस गालानोस, जन्म अथेन्सचा, १७६०चा. कोलकात्यातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवायला तो १७८६मध्ये आला. तिथून काशीला गेला, पंडितांजवळ बसून संस्कृत शिकला, भगवद्गीतेसकट कितीतरी ग्रंथ ग्रीकमध्ये नेले, आणि १८३३मध्ये काशीतच वारला. त्याच्याच नावानं दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २००० साली ग्रीक अभ्यासाचं अध्यासन सुरू झालं.

आता पोटाचा प्रश्न. खरं सांगायचं तर सुरुवातीचा पगार इंजिनिअर भावंडांच्या पगाराशेजारी ठेवून बघू नका, त्रास होईल. नुसती ग्रीक इतिहासाची परदेशी पदवी घेऊन भारतात आलं, तर सरकारी पुरातत्त्वाच्या बऱ्याच जागांना लागणारी भारतीय इतिहासाची किंवा पुरातत्त्वाची पदव्युत्तर पात्रता हातात नसते. परदेशी पदवीची समकक्षताही घ्यावी लागते, त्याचे नवे नियम यूजीसीनं २०२५मध्ये काढले आहेत. दोन्ही बाजू येणाऱ्या माणसाला मात्र जागा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए., त्यावर नेट, मग अध्यापन. किंवा संग्रहालय, जतन-संवर्धन, नाणेशास्त्र. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था १९८०पासून आहे. हिंद-ग्रीक राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत मजकूर असतो. दोन्ही बाजू स्वतः वाचू शकणारी माणसं किती असतील? बाबांना हेही सांगा की इतिहासाची चांगली बी.ए. स्पर्धा परीक्षेलाही चालते. त्यांचा रस्ता यानं बंद होत नाही.

आता थोडं मुलीशी बोलते.

बाळ, तुझा पोसायडन ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडला. पंचगंगेच्या काठी ग्रीकांचा समुद्रदेव कसा आला, या प्रश्नातच तुझा पुढचा अभ्यास आहे. रोमन काळातल्या व्यापारात आपल्या कोकणच्या बंदरांवर जहाजं यायची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनामिक व्यापाऱ्यानं ग्रीकमध्ये लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे सागरी व्यापाराचं माहितीपुस्तक आहे, त्यात कल्याण आहे, सोपारा आहे. पैठण भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे धाराशिवजवळचं तेर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर, असं त्यानं नोंदवलंय. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. ‘यवन’चा मूळ अर्थ ग्रीक. जुन्नरलाही यवनांचे लेख आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यात उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त यवनाचा आहे. नावं बहुतेक भारतीय वळणाची. मग हे ग्रीक वंशाचे होते, की आपल्याकडे परदेशी व्यापाऱ्याला सरसकट यवन म्हणत? विद्वानांत यावर एकमत नाही. अथेन्सच्या मुलीला प्राकृत शिकायला वर्षं लागतील, आणि कार्ला तुझ्यापासून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. म्हणून म्हणते, इथून रिकाम्या हातानं जाऊ नकोस.

आणखी एक. ‘ग्रीक संस्कृती’ म्हणताना तुझ्या डोळ्यांपुढे पांढरा संगमरवर असेल. अथेन्सचं पार्थेनॉन मंदिर इसवी सनापूर्वी ४३२मध्ये पुरं झालं, पण ग्रीस तिथे थांबला नाही. बायझंटाईन साम्राज्याची हजार वर्षं आहेत, ऑटोमन तुर्कांची राजवट आहे, १८२१चा स्वातंत्र्यलढा आहे. १९२३मध्ये लोझानला झालेल्या करारानं ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकांची सक्तीची अदलाबदल झाली, बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि चार लाखांच्या आसपास मुस्लिम तुर्कस्तानात गेले. निकष भाषेचा नव्हता, धर्माचा होता. घरी तुर्की बोलणारी ख्रिस्ती कुटुंबंसुद्धा ग्रीसला पाठवली गेली. फाळणीच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आपल्या देशातल्या मुलीला हे समजावून सांगावं लागणार नाही. मग १९४१चा दुष्काळ, यादवी युद्ध, १९६७ ते १९७४ची लष्करी हुकूमशाही. १७ नोव्हेंबर १९७३ला अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये विद्यार्थ्यांच्या उठावावर रणगाडा घातला गेला. तो दिवस तिथे आजही पाळतात. तू ज्यांच्या शेजारी बसून शिकशील त्यांच्या आजी-आजोबांचा इतिहास हा आहे, तो वाचून जा.

कामं सांगते. ग्रीक अक्षरं आजपासून, रोज एक वहीचं पान. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत अथेन्स किंवा थेस्सालोनिकीला विद्यापीठाच्या आधुनिक ग्रीकच्या उन्हाळी वर्गाला तीन-चार आठवडे जाऊन ये, त्याला अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा पुरतो. आई, त्यासाठी सतरातले तीन लाख वेगळे काढा. ते देश पाहून येणं नाही, परीक्षा आहे. तिथल्या उन्हात, परक्या भाषेत महिनाभर राहूनही तिला परत जावंसं वाटलं तर पुढचं ठरवणं सोपं जाईल. आणि जमलं तर फ्रेंच किंवा जर्मन यांपैकी एक भाषा. अथेन्समध्ये फ्रेंचांची पुरातत्त्व संस्था १८४६पासून आहे, जर्मनांची १८७४पासून, आणि त्यांच्या उत्खननांचे कितीतरी अहवाल त्यांच्याच भाषेत आहेत.

ताई, जेवणाची काळजी सोडा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास खूप, आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य. त्यामुळे ‘निस्तीसिमा’, म्हणजे उपवासाला चालणारे पदार्थ, घरोघरी आणि खानावळींत असतात. पांढऱ्या घेवड्याचं फासोलादा सूप, भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, आणि ‘फावा’ नावाचं पिवळ्या डाळीचं घट्ट वाटण, जे वरणाची मावशी शोभेल. त्यात मासा नाही ना, हे विचारायला तिला शिकवा, कारण काही उपवासांना तो चालतो. प्रत्येक वस्तीत ‘लाइकी’ म्हणतात तो आठवडी बाजार भरतो, भाजी स्वस्त मिळते. स्वयंपाक तिला आत्ताच शिकवा, चार वर्षं आहेत. एकटीनं राहण्याचा सरावही आधी इथल्याच एखाद्या वसतिगृहात होऊ दे.

येत्या रविवारी तिघंही टाऊन हॉल म्युझियमला जा, बाबांना दुकान बंद ठेवायला लावून. मूर्ती तिनं त्यांना समजावून सांगावी, तुम्ही मध्ये बोलू नका. आणि दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला स्वतः पत्र लिहावं, पाकिटावर माझं नाव ग्रीक अक्षरांत.