'कायदा रद्द केला' की 'घटनाबाह्य ठरवला'?

प्रश्न असा आलाय की "सुप्रीम कोर्टाने कायदा रद्द केला" असं पेपरात येतं ते बरोबर की "घटनाबाह्य ठरवला" म्हणायला हवं, आणि या प्रकाराला न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात तर पुनर्विलोकन याचिका म्हणजे पण हेच का?

शेवटचं आधी उरकतो. हेच नाही. पुनर्विलोकन याचिका म्हणजे कोर्टाने स्वतःच दिलेला निकाल परत बघावा म्हणून केलेली विनंती (आपल्या घटनेचं कलम १३७), आणि न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणजे विधिमंडळाचं किंवा सरकारचं काम कोर्टाने तपासणं. इंग्रजीत दोन्हीकडे रिव्ह्यू, म्हणून मराठीतही दोन्हीकडे तोच शब्द बसवला आणि घोळ झाला. पेपरवाले पहिल्याला फेरविचार याचिका म्हणतात ते मला जास्त पटतं.

आता रद्द. हा अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, मूळ अर्थ परत फिरवणं, नाकारणं; रद्दी त्याच घरातली. बातल पण अरबीच, पण त्याचा अर्थ पोकळ, ज्याला कायद्याने काही जोर नाही असं. म्हणजे रद्द ही कृती आणि बातल ही अवस्था, आपण दोन्ही चिकटवून रद्दबातल करतो आणि एकच शब्द समजून पुढे जातो. पण भारतात कोर्ट जे करतं ते खरं तर बातलच्या बाजूचं आहे. रद्द करणं, सरकारी मराठीत निरसन, हे ज्याने कायदा केला त्याचं काम. कोर्ट फक्त सांगतं की बाबांनो हा घटनेत बसत नाही, याला जोर नाही.

हा नुसता कीस काढणं नाहीये. आयटी ॲक्टचं कलम ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकणं गुन्हा ठरवणारं) सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं, तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच होते, आणि २०२१ मध्ये हे परत कोर्टापुढे आलं तेव्हा ॲटर्नी जनरलनी सांगितलं की पुस्तकात कलम छापलेलं तसंच आहे, कोर्टाने काय केलं ते फक्त तळटीपेत. आता तळटीप कोण वाचतं!

याहून मजेदार केस १९५५ ची, भिकाजी नारायण धाकरस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. जुन्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९४७ साली मोटार वाहतूक सरकारला आपल्या ताब्यात घेता येईल असा कायदा झाला होता, मग १९५० ला घटना आली आणि धंदा करण्याच्या हक्काशी तो भिडला, मग १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती झाली आणि ती अडचण गेली, तर प्रश्न असा की मधे मेलेला कायदा जिवंत कसा होणार? कोर्ट म्हणालं मेलाच नव्हता, त्याला ग्रहण लागलं होतं, दुरुस्तीने सुटलं. वकील अजून याला ग्रहणाचा सिद्धांत म्हणतात. (मला हे वाचताना दर वेळी 'दे दान सुटे गिराण' आठवतं.) रद्द झालेल्याला ग्रहण लागत नाही, एवढं लक्षात घ्या.

अमेरिकेतही तसंच. ॲरिझोनात गर्भपातबंदीचा १८६४ चा कायदा होता, गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या १९७३ च्या रो निकालाने तो निजला, २०२२ मध्ये त्याच कोर्टाने रो उलटवला, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १८६४ चा कायदा लागू करता येईल. लोक हादरले. मग विधिमंडळाने घाईघाईने तो काढून टाकला, आणि ते मात्र खरंखुरं रद्द करणं.

मग कोर्टाच्या बाबतीत रद्द कुठेच चालत नाही का? चालतो, ऑस्ट्रियात. १९२० च्या घटनेने तिथे वेगळं घटना न्यायालय नेमलं, त्यामागे कायदेपंडित हान्स केल्सेन, आणि हे कोर्ट खरंच कायदा काढून टाकतं, तसं सरकारी राजपत्रात छापावं लागतं, आणि हवं तर दीड वर्षापर्यंतची मुदतही देता येते. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी लग्नाच्या व्याख्येतले 'भिन्न लिंगाच्या' एवढेच शब्द उडवले, २०१८ संपताना ते गेले. केल्सेन अशा कोर्टाला उलटा कायदेमंडळ म्हणायचा: करत नाही, काढतो.

जर्मनांकडे दोन वेगळे शब्द आहेत, एक शून्य आणि एक विसंगत. अपहरण झालेलं प्रवासी विमान पाडायची परवानगी देणारं कलम २००६ मध्ये शून्य ठरलं, संपलं. पण जन्मनोंदणीत तिसऱ्या लिंगाची नोंद करता येत नव्हती ते २०१७ मध्ये विसंगत ठरलं, म्हणजे २०१८ अखेरपर्यंत दुरुस्त करा. ब्रिटनमध्ये तर १९९८ च्या मानवी हक्क कायद्याखाली कोर्ट फक्त कायदा मानवी हक्कांशी विसंगत असल्याचं जाहीर करतं, कायदा चालूच. परदेशी संशयितांना खटल्याविना डांबायचा कायदा डिसेंबर २००४ मध्ये असा विसंगत ठरला, तरी तो गेला मार्च २००५ मध्ये, पार्लमेंटने दुसरा केला तेव्हा. तिथे "कोर्टाने कायदा रद्द केला" लिहिलं तर सरळ चूक. आणि नेदरलँड्सच्या घटनेत कलम १२० आहे, संसदेचा कायदा घटनेला धरून आहे का हे न्यायाधीशांनी बघायचंच नाही.

राहिलं घटनाबाह्य. घटनाविरोधी जास्त नेमका, कारण 'घटनाबाह्य सत्ताकेंद्र' मध्ये बाह्य म्हणजे घटनेत ज्याला जागाच नाही असं, आणि कायद्याच्या बाबतीत मात्र घटनेशी भिडणारा. पण घटनाविरोधी म्हटलं की शिवी दिल्यासारखं वाटतं, म्हणून घटनाबाह्य रुळलाय, मी पण तोच वापरतो. असंवैधानिक हिंदी न्यूज चॅनलवरून येतोय, नको.

मथळ्यात जागा कमी असते, ५ मे २०२१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर 'मराठा आरक्षण रद्द' छापणाऱ्याला मी बोलणार नाही. पण खाली बातमीत २०१८ च्या कायद्याचं नक्की काय घटनाबाह्य ठरलं ते एका ओळीत यायला हवं.