लांब पल्ल्याचं इन्सुलिन संपलं, चवथीचे दोन दिवस निभतील का?

प्रश्न असा आहे: भाचा १४ वर्षांचा, टाइप वन मधुमेह. चवथीला पेडण्याच्या गावी आलेत, रात्रीच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचं कार्ट्रिज संपलं, जवळची फार्मसी दोन दिवस बंद. भात-नेवऱ्या बंद ठेवून निभेल का?

नाही निभणार. आजच सोय करा.

टाइप टूवाल्या आजीचं एखादं इंजेक्शन चुकलं तर साखर चढते, पण तिचं स्वादुपिंड थोडंफार इन्सुलिन सोडत असतं. या मुलाचं जवळपास शून्य. इन्सुलिन फक्त जेवलेलं जिरवायला लागतं हा समजच घात करतो. पोट रिकामं असलं तरी यकृत साखर सोडतच राहतं, चरबी वितळून कीटोन (रक्त आम्लधर्मी करणारे पदार्थ) होतात, आणि या दोन्हींना लगाम असतो तो त्या रात्रीच्या डोसचा. इन्सुलिनशिवाय उपाशी ठेवलंत तर कीटोन वाढतील. १९२२ मध्ये माणसांना पहिल्यांदा इन्सुलिन मिळालं, त्याआधी उपासमार हाच उपचार होता. मुलं हाडांचा सापळा होऊन काही काळ तग धरायची, एवढंच. किरायतं, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड यांचंही इथे काम नाही.

डोस चुकल्यापासून साधारण दिवसभरात रक्त आम्लधर्मी व्हायला लागू शकतं; ताप किंवा जुलाब असतील तर त्याहून लवकर. इन्सुलिनचा पंप वापरणाऱ्यांकडे तर काही तासच असतात.

आता काय करायचं. आधी त्याच्या डॉक्टरांना फोन. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन शिल्लक असेल तर तेच दर तीन-चार तासांनी थोडं थोडं, रात्री उठवूनसुद्धा, देऊन वेळ काढता येतो. मात्रा मात्र डॉक्टरांनीच सांगायची. दुसरा फोन जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राला, आणि 'इन्सुलिन आहे का' एवढंच नको, 'कुठलं आहे' हेही विचारा. तिथे नसेल तर म्हापशाचं जिल्हा इस्पितळ.

सरकारी बाटली बहुधा ४० युनिट प्रति मिलीची असते, पेनचं कार्ट्रिज १०० चं. इथेच मोठी चूक होते. ४० च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० ला नारिंगी. लाल टोपीच्या सिरिंजने कार्ट्रिजमधून २० च्या खुणेपर्यंत ओढलंत तर अर्धा मिली येतो, म्हणजे २० नाही, ५० युनिट. मूल बेशुद्ध पडेल. उलट केलंत तर २० ऐवजी ८ च जातील. सिरिंज बाटलीसोबतच मागून घ्या. आणि दुधासारखं गढूळ दिसणाऱ्या इन्सुलिनची बाटली तळहातांत हलकेच फिरवून एकसारखी करायची. जोरात हलवायची नाही.

साखर २५० च्या वर दिसली की लघवीतले कीटोन पट्टीने बघा. पट्टीची डबी लगेच घट्ट बंद करा, आपल्या पावसाळी दमटपणात उघड्या पट्ट्या चुकीचा रंग दाखवतात. रक्तातले कीटोन मोजायचं यंत्र असेल तर ०.६ च्या आत ठीक, १.५ च्या वर इस्पितळ गाठायची तयारी, ३ च्या वर थेट १०८. पोटदुखी आणि उलट्या सुरू झाल्या तर 'चवथीचं खाणं बाधलं, पित्त झालं' म्हणत सोडा पाजत बसू नका. श्वास खोल आणि जोरात चालणं, तोंडाला नेलपॉलिशसारखा वास, झापड, पाणीही न टिकणं, यातलं काहीही दिसलं तर आकडा काहीही असो, निघा. घरी जादा इन्सुलिन टोचून हे आवरत नाही: सलाईन लागतं, आणि इन्सुलिनबरोबर रक्तातलं पोटॅशियम घसरतं, त्यावर तासातासाला नजर ठेवावी लागते.

वीज गेली म्हणून शिल्लक इन्सुलिन मात्र फेकू नका. फ्रीज बंद ठेवला तर काही तासांनी काही बिघडत नाही, आणि ३० अंशांच्या आत ते सहसा चार आठवडे टिकतं. बर्फाला चिकटून गोठलेलं मात्र गेलंच समजा.

पुढच्या वेळचा हिशेब: दिवसाला ४० युनिट आणि चार टोचण्यांत सुई तपासायला प्रत्येकी २, म्हणजे ४८. महिन्याला १,४४०. एका कार्ट्रिजमध्ये ३००, म्हणजे पाच लागतात. १,२०० धरून चारच आणली की शेवटचे पाच-सहा दिवस कोरडे जातात. गावी निघताना दुप्पट न्या, अर्धी एका पिशवीत आणि अर्धी दुसऱ्या.