कैफियत, मंडन आणि क्षमा : ‘अपोलॉजेटिक्स’ला मराठीत काय म्हणावे?

तत्त्वज्ञान, विज्ञान आणि रोजची संस्कृती यांच्या आधारे ख्रिस्ती विश्वासाची बाजू मांडणाऱ्या इंग्रजी लेखांचे आपण मराठी भाषांतर करत आहात, आणि त्यात पदोपदी येणाऱ्या ‘ख्रिश्चन अपोलॉजेटिक्स’ या संज्ञेसाठी कोणता शब्द वापरावा, असे आपण विचारले आहे. एका जुन्या मसुद्यात आपल्याला ‘क्षमाशास्त्र’ हा शब्द आढळला आणि तो खटकला, असेही आपण लिहिले आहे. तो शब्द खटकला हे योग्यच झाले. तो केवळ ओबडधोबड नाही, अर्थाच्या नेमका उलट आहे. ज्याला आपली बाजू खरी वाटते आणि म्हणून जो उत्तर द्यायला उभा राहतो, त्याच्या तोंडी हा शब्द माफीची भाषा घालतो.

मूळ ग्रीक शब्द ‘अपोलोगिया’ हा न्यायालयातला आहे. आरोप करणाऱ्याचे भाषण ते ‘कातेगोरिया’ आणि त्याला आरोपीने दिलेले उत्तर ते ‘अपोलोगिया’. (पुढे तत्त्वज्ञानात रूढ झालेली ‘कॅटेगरी’ ही संज्ञा याच ‘कातेगोरिया’पासून आली आहे.) इ.स.पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेपुढे सॉक्रेटिसने जे भाषण केले, त्याचे प्लेटोने लिहिलेले रूप ‘अपोलोगिया’ याच नावाने ओळखले जाते, आणि ते वाचणाऱ्याला हे लगेच कळते की त्यात सॉक्रेटिस कोणाचीही क्षमा मागत नाही. इंग्रजीतही सोळाव्या शतकात ‘अपॉलॉजी’ म्हणजे बाजूचे समर्थन हाच अर्थ मुख्य होता. १५९५ मध्ये छापले गेलेले फिलिप सिडनीचे काव्याविषयीचे ‘अपॉलॉजी’ हे काव्याचे समर्थन आहे. दिलगिरीचा अर्थ त्याच सुमारास रुजू लागला आणि हळूहळू त्याने सगळी जागा व्यापली. जुना अर्थ ‘अपोलॉजिस्ट’ आणि ‘अपोलॉजेटिक्स’ या शास्त्रीय शब्दांत तेवढा टिकून राहिला. ‘क्षमाशास्त्र’ लिहिणाऱ्याने नवा अर्थ उचलून जुन्या शब्दावर लावला, एवढीच त्याची चूक.

नव्या करारात हा शब्द कोठे येतो हे पाहिले की त्याचा सूर अधिक स्पष्ट होतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात रोमन सुभेदार फेस्त म्हणतो की, आरोपीची फिर्यादींशी समोरासमोर गाठ पडून त्याला ‘अपोलोगिये’ची संधी मिळाल्यावाचून त्याला कोणाच्या हवाली करण्याची रोमन लोकांची रीत नाही. बाविसाव्या अध्यायाच्या आरंभी पौल संतप्त जमावाला आपली ‘अपोलोगिया’ ऐकून घेण्याची विनंती करतो. हे दोन्ही आरोपाला उत्तर देण्याचे प्रसंग आहेत. परंतु पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात हा शब्द आरोप-प्रत्यारोपांच्या बाहेर पडतो. तुमच्या ठायी असलेल्या आशेचे कारण जो कोणी विचारील त्याला ‘अपोलोगिया’ देण्यास सदैव तयार असा, पण ती सौम्यतेने आणि आदरयुक्त भयाने द्या, असे तेथे सांगितले आहे. विचारणारा आता न्यायाधीशच असेल असे नाही, तो शेजारीही असू शकतो. आणि उत्तर केवळ अचूक असून भागत नाही, ते सौम्यही असावे लागते. मराठी शब्द निवडताना हे दोन्ही धागे हातातून सुटू नयेत, असे मला मनापासून वाटते.

रूढ पर्यायांपैकी ‘समर्थन’ हा सर्वांत सोपा आणि पुष्कळ ठिकाणी पुरेसा शब्द आहे. अडचण एवढीच की आजच्या मराठीत ‘समर्थन’ म्हणजे बहुधा पाठिंबा, आणि ‘कृत्याचे समर्थन’ म्हटले की ते कृत्य मुळातच वाईट असल्याची शंका येते. ‘बचाव’ न्यायालयाच्या जवळचा आहे खरा, पण ‘बचावात्मक’ या रूपामुळे त्याला मागे सरण्याची छटा चिकटली आहे. ‘धर्मरक्षण’ मी पूर्णपणे टाळीन, कारण त्यात रक्षण बळानेही होऊ शकते आणि पेत्राच्या सौम्यतेला तेथे जागा उरत नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो आपल्या दफ्तरांतला आणि कचेऱ्यांतला जुना शब्द : कैफियत. दिवाणी दाव्यात प्रतिवादी जे लेखी उत्तर दाखल करतो त्याला आजही ‘कैफियत’ म्हणतात. इतिहासाच्या वाचकांना ‘होळकरांची कैफियत’ यांसारख्या कागदांतून हा शब्द हकीकत या अर्थाने परिचित आहे. त्याचे मूळ अरबी ‘कैफ’ म्हणजे ‘कसे’ या प्रश्नार्थक शब्दात आहे, म्हणजे कैफियत ही ‘हे कसे’ या प्रश्नाला दिलेली हकीकत. आरोपाला उत्तर आणि स्वतःच्या जीवनाची हकीकत, हे दोन्ही अर्थ एका शब्दात राहतात. १८६४ मध्ये चार्ल्स किंग्जली यांच्या आरोपाला उत्तर देताना जॉन हेन्री न्यूमन यांनी आपल्या धार्मिक मतांचा जो इतिहास ‘अपोलोगिया’ या लॅटिन शीर्षकाखाली लिहिला, त्याच्या शीर्षकाचे ‘माझ्या जीवनाची कैफियत’ याहून नेमके मराठी मला सुचत नाही. सुमारे इ.स. १५५ मध्ये जस्टिन या तत्त्ववेत्त्याने रोमन सम्राट अंतोनिनस पायस याला उद्देशून जे निवेदन लिहिले, तेही कैफियतच होते. केवळ ‘ख्रिस्ती’ या नावावरून कोणाला शिक्षा होऊ नये, कृत्यांची चौकशी व्हावी आणि मगच निर्णय द्यावा, ही त्याची मागणी होती. इ.स. १९७ मध्ये तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने रोमन प्रांताधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेला ग्रंथही याच जातीचा.

म्हणून माझे पहिले मत असे की, एखादे विशिष्ट भाषण, पत्र किंवा ग्रंथ या अर्थाने ‘अपोलोगिया’ अथवा ‘अपॉलॉजी’ आल्यास निःसंकोच ‘कैफियत’ लिहावे. आज ‘कैफियत मांडणे’ याला गाऱ्हाण्याची छटा आली आहे, हे मी नाकारत नाही. परंतु संदर्भ स्पष्ट असेल तर जुना अर्थ पुन्हा उजळतो, आणि शब्द वापरात ठेवल्यानेच तो उजळत राहतो.

मात्र विषयाचे किंवा शास्त्राचे नाव म्हणून ‘कैफियतशास्त्र’ चालणार नाही. ते कानाला परके लागते आणि दफ्तराची आठवण करून देते. येथे आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेतील ‘मंडन’ हा शब्द मला योग्य वाटतो. खंडन म्हणजे प्रतिपक्षाचे मत तोडणे आणि मंडन म्हणजे आपल्या पक्षाची स्थापना करणे. संस्कृतात ‘मण्ड्’ या धातूचा अर्थ शोभविणे असा आहे, त्यामुळे मंडन म्हणजे वरवरची सजावट अशी शंका एखाद्याला येईल. पण आपला ‘मांडणे’ हाही त्याच कुळातला शब्द आहे. सजवणे, नीट लावणे, समोर ठेवणे असा त्याचा प्रवास झाला, आणि आपण आज बाजू मांडतो, मत मांडतो, कैफियतही मांडतो. ‘मंडन’ या शब्दात हे मांडणे ऐकू आले की तो परका राहत नाही.

आता मंडन कशाचे? येथे ‘श्रद्धा’ आणि ‘विश्वास’ यांत निवड करावी लागते, आणि मी ‘विश्वास’ घेईन. मराठी बायबलात आणि मराठी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात ग्रीक ‘पिस्तिस’साठी ‘विश्वास’ हाच शब्द रुळलेला आहे. शिवाय त्या ग्रीक शब्दात मत मान्य करण्याइतकाच कोणावर तरी भरवसा टाकण्याचा अर्थ आहे आणि ‘विश्वास’ तो सहज पेलतो. ‘श्रद्धा’ उच्चारताच वाचकाच्या मनात ‘अंधश्रद्धा’ हा तिचा जोडीदार उभा राहतो आणि चर्चा सुरू होण्याआधीच झुकते. अकराव्या शतकात अँसेल्मने आपल्या एका ग्रंथाला आधी ‘आकलनाचा शोध घेणारा विश्वास’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. त्या नावात ‘श्रद्धा’ घालून पाहा, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते कळेल. तेव्हा विषयाला ‘ख्रिस्ती विश्वासमंडन’ आणि तो करणाऱ्याला ‘मंडनकार’ म्हणावे. राजकीय लेखनात एखाद्या राजवटीचा ‘अपोलॉजिस्ट’ असा उल्लेख येतो तेव्हा मात्र मंडनकार लिहू नये. तेथे ‘तळी उचलणारा’ हा वाक्प्रचार अधिक प्रामाणिक आहे.

आपल्या लेखांच्या तीन क्षेत्रांपैकी तत्त्वज्ञानात शब्दांची अडचण सर्वांत कमी आणि आनंद सर्वांत जास्त आहे, कारण तेथे आपली परिभाषा तयार आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडावे, त्याला पूर्वपक्ष म्हणावे आणि मग उत्तरपक्षाकडे जावे, ही शिस्त ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने तिसऱ्या शतकात सेल्सस या ख्रिस्ती विश्वासाच्या टीकाकाराच्या आक्षेपांना उत्तर देताना इतकी पाळली की सेल्ससचा मूळ ग्रंथ नष्ट होऊनही त्याचे पुष्कळसे म्हणणे आपल्याला ओरिजेनच्या उताऱ्यांतूनच कळते. भारतीय तर्कशास्त्राच्या न्यायसूत्रांतील वाद, जल्प आणि वितंडा हा भेदही येथे उपयोगी पडेल. सत्यनिर्णयासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे तोडत राहणे ती वितंडा. पेत्राला अपेक्षित असलेली सौम्यता वादातच शक्य आहे.

एक बारकावा येथे थोडा विस्ताराने सांगतो, कारण भाषांतरात तो हमखास निसटतो. दुष्टता आणि दुःख यांच्या प्रश्नावर लिहिताना ॲल्विन प्लँटिंगा हे अमेरिकन तत्त्वज्ञ ‘डिफेन्स’ आणि ‘थिऑडिसी’ यांत फरक करतात. लाइब्निट्झने १७१० मध्ये देव आणि न्याय या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून ‘थिऑडिसी’ ही संज्ञा प्रचारात आणली. देव दुःख का होऊ देतो याचे प्रत्यक्ष कारण सांगण्याचा तो प्रयत्न असतो. ‘डिफेन्स’ एवढा मोठा दावा करत नाही. सर्वशक्तिमान आणि चांगल्या देवाचे अस्तित्व आणि दुष्टतेचे अस्तित्व या दोन विधानांत तार्किक विसंगती नाही, एवढेच त्याला दाखवायचे असते. मराठीत दोन्हींना ‘समर्थन’ म्हटले तर प्लँटिंगा यांच्या युक्तिवादाचा कणाच मोडतो. वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाला ‘अविरोध’ म्हणतात, कारण सिद्धान्ताचा तर्काशी आणि इतर प्रमाणांशी विरोध येत नाही हे तेथे दाखवायचे असते. ‘डिफेन्स’साठी हा शब्द तयारच आहे : ‘अविरोध दाखवणे’. आणि ‘थिऑडिसी’साठी ‘ईश्वरी न्यायाची उपपत्ती’ असे म्हणता येईल. शब्द दुसऱ्या दर्शनातून आला म्हणून संकोच वाटण्याचे कारण नाही. जस्टिननेही ग्रीक तत्त्वज्ञानातला ‘लोगोस’ (विश्वातील विवेकतत्त्व) हा शब्द असाच हाती घेतला होता.

विज्ञानाच्या क्षेत्रात धोका निराळा आहे. इंग्रजीतील ‘एव्हिडन्स’ आणि ‘प्रूफ’ या दोन्ही शब्दांना आपण सवयीने ‘पुरावा’ म्हणतो, आणि त्यामुळे ‘विश्वाची सुरुवात हा देवाच्या अस्तित्वाकडे निर्देश करणारा दाखला आहे’ हे मोजके विधान ‘विश्वाच्या सुरुवातीने देव सिद्ध झाला’ असे फुगते. ‘प्रूफ’साठी गणितातला ‘सिद्धता’ राखून ठेवावा आणि ‘एव्हिडन्स’साठी ‘दाखला’ किंवा ‘सूचक पुरावा’ लिहावे. हा भेद किती मोलाचा आहे हे जॉर्ज लमेत्र यांच्या उदाहरणावरून दिसते. ते कॅथलिक धर्मगुरू होते आणि भौतिकशास्त्रज्ञही. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना त्यांनी १९२७ मध्ये आणि आद्य अणूची १९३१ मध्ये मांडली. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी एका भाषणात विज्ञानाच्या या निष्कर्षांचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, ही त्यांची भूमिका कायम राहिली. पाचव्या शतकात ऑगस्टीननेही बजावले होते की, निसर्गाविषयी चुकीचे बोलून ते बायबलच्या नावावर खपवणारा ख्रिस्ती माणूस जाणकार अख्रिस्ती श्रोत्यांपुढे धर्मग्रंथाचीच अप्रतिष्ठा करतो. आपल्या लेखांतील मंडनकार जेथे जपून बोलला आहे, तेथे भाषांतरानेही तितकेच जपून बोलावे.

संस्कृतीविषयी थोडक्यात. ‘कल्चरल अपोलॉजेटिक्स’चे ‘सांस्कृतिक मंडन’ असे करू नका, कारण येथे मंडनाचा सजावटीचा अर्थ लगेच डोके वर काढतो. ‘संस्कृतीच्या आधारे विश्वासमंडन’ हे थोडे लांब असले तरी निःसंदिग्ध आहे. या प्रकाराचा नमुना पौलाने अथेन्समध्ये घालून दिला. त्याने ‘अज्ञात देवाला’ अर्पण केलेल्या वेदीपासून बोलण्यास सुरुवात केली आणि आपण देवाचा वंश आहोत हे ग्रीक कवीचेच वचन श्रोत्यांपुढे ठेवले. श्रोत्यांत स्तोइक आणि एपिकूरपंथीय या दोन ग्रीक तत्त्वज्ञान-पंथांचे लोक होते. काहींनी थट्टा केली, काहींनी पुन्हा ऐकू असे म्हटले आणि काहींनी विश्वास ठेवला. त्या भाषणात ‘अपोलोगिया’ हा शब्द येत नाही, पण कैफियत या जुन्या अर्थाने ते तंतोतंत बसते.

राहिला आपला शेवटचा प्रश्न : ‘ही वॉज नॉट अपोलॉजेटिक अबाउट हिज फेथ’ या वाक्याचा. येथे अर्थ नव्या इंग्रजीचा आहे, जुन्या ग्रीकचा नाही, म्हणून मंडन आणि कैफियत हे दोन्ही शब्द बाजूला ठेवावेत आणि ‘आपल्या विश्वासाविषयी बोलताना तो मुळीच ओशाळत नसे’ असे सरळ लिहावे.