पिकअपच्या मागच्या एक्सलमधून ऑइल गळून राहिलं, दोनदा सील टाकूनही थांबत नाही, काय करावं?

भाऊ, तिसरं सील आणू नका अजून, आधी ब्रीदर पाहा, म्हणजे एक्सलमधली हवा बाहेर सोडणारी छोटी टोपी.

तुम्ही लिहिलं की सहा महिन्यांत दोनदा पिनियनचं (इंजिनाकडून येणारा शाफ्ट जिथे जुळतो त्या दांड्याचं) सील टाकलं तरी मधल्या गोळ्याच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या, तोंडाशी ओलं होते, आता डाव्या चाकाच्या आतूनही तेल दिसून राहिलं आणि मिस्त्री म्हणतो अख्खं हौजिंग, म्हणजे एक्सलचं बाहेरचं खोकं, उतरवावं लागेल. मिस्त्री खोटा बोलून राहिला असं मी म्हणत नाही, पण एका एक्सलवर दोन ठिकाणी एकदम गळती सुरू झाली तर मला सीलवर कमी आणि आतल्या प्रेशरवर जास्त संशय येतो.

माझीही पिकअपच आहे, काटोलकडच्या बागांतून नागपूरच्या कळमना मार्केटला संत्रा आणतो. एका आंबिया बहाराच्या सीझनमध्ये मी तीन सील टाकले. दर वेळी पंधरा दिवस कोरडं, मग परत तेच, आई अंगणातल्या फरशीवरचे डाग पाहून रोज सकाळी माझा उद्धार करायची. शेवटी नागपूरजवळच्या वाडीला ट्रकचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो, त्याने खाली वाकायच्या आधीच विचारलं, ब्रीदर खोलला होता का? मला ब्रीदर कुठे असतो तेच माहीत नव्हतं. हौजिंगच्या वरच्या अंगाला बोराएवढी टोपी असते, बोटाने फिरवली तर फिरली पाहिजे, माझी म्हणजे काळ्या मातीने अशी बसली होती की सिमेंट लावल्यासारखी. त्याने लेव्हलचा प्लग (तेलाची पातळी पाहायचं बूच) पान्याने थोडा ढिला केला तर फुस्स करून हवा निघाली आणि सोबत तेलाचे शिंतोडे त्याच्या बनियनवर. एवढंच होतं ते सगळं!

होते काय, गाडी लोड घेऊन चालली की आतलं तेल तापते. सकाळी 30 डिग्रीला असलेली आतली हवा 90 ला गेली तर ती जवळपास पाचव्या हिश्श्याने फुगायला पाहते, ब्रीदर बंद असला की जायला जागा नाही, मग ती तेलाला ढकलते आणि तेल सगळ्यात कमजोर सीलच्या ओठातून, म्हणजे रबरी काठातून, बाहेर येते. सील नवं असलं तरी येते, कारण ते तेल अडवायला बनवलेलं असते, प्रेशर अडवायला नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 असते तेव्हा आतलं काय होत असेल विचार करा. आणि उलटंही होते, तापलेली गाडी नाल्याच्या पाण्यात उतरली की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचते. तुमचं तेल काढल्यावर दुधाच्या चहासारखं दिसलं तर हेच समजा, ते पूर्ण बदला, वरून टाकून चालणार नाही.

तर 20-25 किलोमीटर गाडी चालवून या आणि लेव्हल प्लग हळू ढिला करा, तोंड बाजूला ठेवून, तेल गरम असते. आवाज आला तर ब्रीदर काढा, डिझेलमध्ये बुडवा, तोंडाने फुंकून पाहा, नाहीच झाला तर नवा घ्या. मी तर टोपी काढून तिथे रबरी पाइप लावला आणि चेसिसच्या वर नेऊन बांधला, तेव्हापासून माती जाते ना पाणी. सोबत लेव्हलही पाहा, गाडी सपाट जागेवर, तेल प्लगच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंतच पाहिजे, काही लोक चांगलं म्हणून जास्त भरतात तेही गळायचंच कारण आहे. तेल पूर्ण काढायचं असलं तर भरायचा प्लग आधी खोला, तो जाम निघाला आणि खालचं तेल सांडून बसलात तर गाडी जागेवरच.

ब्रीदर साफ निघाला तर मग खरं शोधायचं. अख्खं हौजिंग डिझेलने धुवा, पुसा, सुकू द्या, वरून टाल्कम पावडर मारा आणि एक फेरी मारून या. ओली रेघ जिथून सुरू होते ती जागा पकडा, थेंब जिथून पडते ती नाही, कारण वाऱ्याने तेल मागे पसरते आणि पुढच्या पिनियनचं तेल मागच्या कव्हरच्या पॅकिंगचं आहे असं वाटते. पिनियनचं असलं तर वर फ्लोअरच्या पत्र्यावर आडवी रेघ मारल्यासारखे शिंतोडे दिसतात, पिनियनवरची फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) फिरून फिरून उडवते.

चाकाच्या तेलाचं वेगळं आहे. आधी बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइलचा वास गंधकासारखा, उग्र, हातातून दोन दिवस जात नाही. तो वास नसला आणि पातळ असलं तर ब्रेक ऑइल असू शकते, ग्लासभर पाण्यात थेंब टाका, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, गिअर ऑइल वर तरंगते. ब्रेक ऑइल निघालं तर एक्सलला हातच लावू नका, चाकातलं ब्रेक दाबणारं व्हील सिलिंडर गेलं आहे आणि ते आजच करा. गिअर ऑइल असेल तर चाक उचलून घोडीवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही, पुढच्या चाकांना दगड लावा, आणि वर-खाली हलवून पाहा. खडखड लागली तर बेअरिंग गेलं आहे, त्याच्यावर कितीही भारी सील टाका, शाफ्टच डोलून राहिला तर टिकणार कसं. ब्रेकच्या लायनरला तेल लागलं असेल तर दोन्ही बाजूचे बदला. पेट्रोलने धुऊन परत लावणारे लोक आहेत, मी पण केलं आहे एकदा, गरम झाल्यावर आतलं तेल परत वर आलं आणि वाडी नाक्याच्या सिग्नलला गाडी एका बाजूला ओढली, तेव्हापासून कान पकडला.

आता पिनियनचं सील बदलायचंच झालं तर एकच गोष्ट सांगतो, त्यातच सगळे फसतात. बऱ्याच गाड्यांमध्ये पिनियनच्या मोठ्या नटच्या आत दबणारा स्पेसर (बेअरिंगमधली पातळ नळी) असतो, नट किती आवळला त्यावर बेअरिंगचा ताण ठरते. म्हणून खोलायच्या आधी नट, शाफ्ट आणि फ्लँज तिन्हीवर पंचने खूण करा, बाहेर किती आटे दिसतात ते मोजा आणि परत बरोबर तिथेच आणा. एअर गनने टरर्र करून आवळला की स्पेसर जास्त दबला आणि महिनाभरात 60 च्या स्पीडला मागून हूं हूं आवाज, मग खरंच हौजिंग उतरवावं लागते. मिस्त्रीने दोनदा तिथे गन लावली असेल तर तेही विचारून घ्या त्याला.

आणि फ्लँज बाहेर आली की जिथे सीलचा ओठ घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं म्हणजे खाच पडली, नवं सील त्याच खाचेत बसून गळणार. सील एक-दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवा म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो, नाहीतर पातळ स्लीव्ह चढवा किंवा फ्लँज बदला. ओठाला थोडं तेल लावून बसवा, स्प्रिंगवाली बाजू आत, तेलाकडे. हे उलटं बसवलेलं पण पाहिलं आहे मी, हसू नका.

ब्रीदरचं काय निघालं ते खाली लिहा, आणि डाव्याच चाकाला गळते तर रात्री गाडी डावीकडे कलती उभी असते का तेही सांगा.