बिडी ओढणाऱ्याचा ऑक्सिमीटर ९७ दाखवतो तेव्हा

प्रश्न असा आहे: वडील ५८ वर्षांचे, रोज बंडलभर बिड्या, रात्रीपासून छाती भरल्यासारखी वाटतेय आणि धाप लागतेय. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) ९७ दाखवतोय, तर सकाळपर्यंत थांबावं का?

थांबू नका, १०८ ला फोन करा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू हिमोग्लोबिनला (रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या घटकाला) ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो, आणि घरचा ऑक्सिमीटर दोघांना वेगळं ओळखू शकत नाही. भरपूर ओढणाऱ्याच्या रक्तात असं अडलेलं हिमोग्लोबिन ५ ते १० टक्के असू शकतं. यंत्र तेही ऑक्सिजनच्याच खात्यात जमा करतं. शिवाय हार्ट अटॅकमध्ये सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरचा हा आकडा, बऱ्याचदा चांगलंच असतं.

धुरामुळे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) चिकट होतात, हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गुठळी धरते. म्हणून शुगर-बीपी काही नसलेले चाळिशीच्या आतले ओढणारेही अटॅक घेऊन येतात, तेही ‘गॅस झालाय’ म्हणत. पोहोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. पहिला नॉर्मल आला म्हणून उठून घरी येऊ नका. दुखणं चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढतात, ट्रोपोनिनही (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) काही तासांनी परत बघतात. ॲस्पिरिन (गुठळी वाढू न देणारी गोळी) १०८ ला फोनवर विचारूनच द्या. बिडीवाल्यांना पोटात अल्सरही (आतली जखम) जास्त होतो. तो फुटला की पोट लाकडासारखं कडक होतं, तिथे ॲस्पिरिन घातकच.

ईसीजी, ट्रोपोनिन ठीक आले आणि कफ वाढून पिवळा-हिरवा झाला असेल, तर सीओपीडी (धुराने होणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) उसळल्याची शक्यता जास्त. त्यात सालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधांची वाफ (नेब्युलायझेशन) देतात, ऑक्सिजन मात्र मोजून: सॅच्युरेशन ८८ ते ९२ पुरतं. आकडा कमी दिसतो म्हणून नातेवाईक हळूच ऑक्सिजनचा नॉब वाढवतात. तसं केल्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जातो.

कॅज्युअल्टीत ‘कधीमधी ओढतात’ असं मोघम सांगू नका. दिवसाला किती, किती वर्षं, शेवटची कधी, एवढं सांगा. भरती झाल्यावर एक-दोन दिवसांत वडील चिडचिड करतील, झोप उडेल. ती निकोटिनची तलफ. नर्सला सांगा, डॉक्टर योग्य वाटल्यास निकोटिनचा पॅच (त्वचेवर लावायची पट्टी) देतील. दया येऊन संडासात बिडी पेटवून देऊ नका. नाकात ऑक्सिजनची नळी असताना ठिणगी पडली, तर चेहरा भाजतो.